डावऱ्याची उजवी

मोठ्या रस्त्याला जिथे दुसरा रस्ता येऊन मिळतो तिथे ट्रक थांबतात. ट्रक थांबतात म्हणून चहावाला बसला, चहावाला बसला म्हणून पंक्चरवाला बसला, आणि दोघांच्या मधल्या जागेत पत्र्याचं छप्पर टाकून ताडपत्री शिवणारा डावरा बसला. डावरा हे काही आईबापाने ठेवलेलं नाव नव्हे. माणूस डावखुरा, सुई कायम डाव्या हातात. ड्रायव्हर लोक बारसं करायला पैसे घेत नाहीत. त्यांनी त्याला डावरा केलं, आणि त्याची पोर हाताशी आल्यावर तिला उजवी करून टाकलं. डावऱ्याचा उजवा हात म्हणून उजवी.

चहावाल्याचा एक ठरलेला विनोद होता. "डावऱ्या, या उजवीला उजवून टाकलीस, की तू थोटा झालास बघ." लग्न करून दिलं की हात गेला, असा त्याचा हिशेब. सगळे हसायचे. डावराही हसायचा. उजवी हसायची नाही, पण ते कुणाच्या ध्यानात यायचं नाही, कारण तिच्या दातांत नेहमी दोरा असायचा.

तिचं सकाळचं काम सुया ओवण्याचं. शाळेत होती तेव्हापासून, आणि शाळेला निघण्याआधीच. ट्रकच्या फाटक्या सीटमधून काढलेला स्पंजाचा एक मोठा गोळा होता. दोऱ्याला मेण चोळायचं, हातभर तुकडा तोडायचा, जाड सुईच्या नेढ्यातून घालायचा, गाठ मारायची आणि सुई स्पंजात टोचून ठेवायची. मग दुसरी. मग तिसरी. स्पंजाचा साळिंदर होईपर्यंत. हातभर म्हणजे हातभरच. "लांब दोरा गुंता करतो," हा बापाचा नियम, आणि बापाचे नियम थोडे असले तरी जाड सुतळीत ओवलेले असायचे.

मग दिवसभर डावरा बसायचा. एक सुई उपसायची, दोरा संपेपर्यंत शिवायचं, रिकामी सुई डब्यात टाकायची, दुसरी उपसायची. ओवायला थांबणं नाही. नवीन ड्रायव्हर बघत राहायचे. काय हात आहे, म्हणायचे, मशीन झक मारेल.

डावऱ्याला नेढं दिसत नव्हतं, ही त्यातली खरी गोष्ट. आधी नेढं गेलं, मग दोऱ्याचं टोक गेलं, आणि आता दुमडलेल्या कापडाची कडसुद्धा ऊन असेल तरच दिसायची. डोळ्यांच्या डॉक्टरने एकदाच सांगितलं होतं, गेलेलं परत येणार नाही, उरलंय ते जपा. त्यानंतर घरात डोळा हा शब्दच बंद झाला. बाप म्हणायचा, "हल्ली या कंपनीवाल्यांनी सुयांची नेढी बारीक केलीत." आई म्हणायची, "हो ना, मेले." आणि उजवी सुया ओवायची. घरात तीन माणसं, तिघांनाही माहीत, आणि तिघंही एकमेकांपासून लपवतायत. अशी घरं तुम्ही पाहिली नसतील, तर तुम्ही घरं पाहिलेली नाहीत.

ही पोर ताडपत्र्यांच्या ढिगावर बसून शिकली. भूगोलाचं पुस्तक तिला फार उघडावं लागलं नाही. कुठल्या राज्यातून गाडी आली, ते ती ताडपत्रीच्या वासावरून सांगायची. लाकडाच्या राज्याची ताडपत्री ओलसर, बुरशीची. सिमेंटच्या राज्याची हात लावला की खोकला काढणारी. आणि मिठाच्या राज्याची कडक, पांढरी पुटं चढलेली, शिवताना ओठ खारट करणारी. ते राज्य समुद्राच्या काठाला, सगळ्यांत लांब.

तिथून येणारा एक ड्रायव्हर होता, सगळे त्याला मीठवाला म्हणायचे. तोंडाने फाटका, मिशीने राजा. त्याने एकदा नवीन कापडाचा एक तुकडा आणला होता, नमुना म्हणून. रुमालाइतका हलका. उजवीने त्यावर पाणी ओतलं तर पाणी मण्यांसारखं गोळा होऊन इकडून तिकडे पळायला लागलं, आणि कापड खालून कोरडं ठणठणीत.

"हे कोण बनवतं काका?"

"आमच्याकडे कॉलेज आहे नुसतं कापडाचं. तिथली पोरं बनवतात. पोरीपण आहेत."

त्याने सहज सांगितलं, आणि चहा प्यायला गेला. उजवी तो तुकडा धरून उभी राहिली. ज्या गोष्टीने आपले हात कापले, ती गोष्ट शिकायची असते, तिचं कॉलेज असतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. शाळेतल्या बाईंनीही नाही. बाईंनी तिला हिशेब ठेवायला शिक म्हणून सांगितलं होतं. गरिबाच्या पोरीला सगळे हिशेबच शिकवायला बघतात, जसं काही गरिबाच्या घरात बेहिशेबी काही असतंच.

बारावीला तिने चांगले मार्क आणले, आणि तीन ठिकाणी तिला जागा मिळत होती. एक इथलीच, आपल्याच राज्यातली, घरापासून सायकलवर. तिथे हिशेब. दुसरी मावशीच्या राज्यात. तिथेही हिशेबच, पण वर मावशी. तिसरी मिठाच्या राज्यात, कापडाच्या कॉलेजात, वसतिगृहासकट. तीन आठवड्यांनी येणाऱ्या शनिवारपर्यंत कुठे येणार ते कळवायचं होतं. नाही कळवलं तर तिन्ही गेल्या.

मावशीचा फोन रोज यायला लागला. "ये ग ये. तुझी खोली तयारच आहे." खोली तयार होती हे खरं. त्या खोलीत मावशीची जुळी झोपत होती, आणि ती दोघं रांगायला लागल्यापासून मावशी आजारीच असायची. आई म्हणायची, "आपलं माणूस आहे तिथे. डोक्यावर हात राहील." उजवीला तो हात डोक्यावर नाही, मानेवर दिसत होता. पण आईला हे सांगून उपयोग नव्हता. आईला बहीण म्हणजे माहेर, आणि माहेराला नावं ठेवलेली आईला खपायची नाहीत.

आणि बाप? बाप तर एकदम मोकळा. जेवताना म्हणाला, "जा की. मी कुठे अडवलंय?"

'मी कुठे अडवलंय' या वाक्याइतकं भक्कम कुलूप अजून कुठल्या कारखान्यात बनलेलं नाही. अडवणाऱ्याशी भांडता येतं, दार तोडता येतं. जो म्हणतो दार उघडंच आहे, आणि म्हणताना दुसऱ्या दिवशीच्या रिकाम्या स्पंजाकडे बघतो, त्याच्याशी काय भांडणार?

"मग मिठाच्या राज्यात जाते," उजवी म्हणाली.

"तिथे आपलं कोण आहे?"

"कुणी नाही."

"मग?" बापाने ताट पुढे सरकवलं. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, स्वतःच म्हणाला, "हे बघ. परमुलखात माणूस नाही, तर निदान हातात कला तरी पक्की पाहिजे. मीठवाल्याच्या दोन ताडपत्र्या आल्यात, गाडीच्या पुढची आणि मागची. पुढची तू शीव. एकटीने. मी हात लावणार नाही. पावसातली एक फेरी होऊन ती कोरडी परत आली, की जा, कुठल्या राज्यात जायचं त्या राज्यात जा. माझी जबान आहे."

आईने डोळे मोठे केले, पण जबान तोंडातून निघून गेली होती. आणि डावऱ्याची जबान म्हणजे रस्त्यावर चालणारं नाणं.

उजवीने पुढची शिवली. अशी शिवली की टाक्यावर टाका मोजून घ्यावा. मागची बापाने घेतली. ज्या दिवशी ती मार्कांचा कागद आणायला शाळेत गेली होती, नेमकं त्याच दिवशी आभाळ भरलं होतं, आणि त्याच अंधारात बापाने मागचीची लांब शिवण मारली. ती परत आली तोवर मीठवाला दोन्ही ताडपत्र्या बांधून निघूनही गेला होता. उजवीने स्पंज बघितला. सगळ्या सुया संपलेल्या होत्या.

"झाली नीट?" तिने विचारलं.

"आयुष्यभर काय केलं मी, लोकांच्या दाढ्या?" बाप म्हणाला.

मीठवाला परत आला तो मुदतीच्या आठवड्यातल्या बुधवारी, आणि गाडीतून उतरण्याआधीच त्याच्या शिव्या उतरल्या. मागची ताडपत्री त्याने ओढत आणली आणि डावऱ्याच्या पायाशी टाकली. चहावाल्याने गाळणी हातात धरून इकडे तोंड केलं. पंक्चरवाला टायर सोडून उठला. लोकांच्या भांडणाला आपल्याकडे तिकीट नसतं, म्हणून गर्दी लवकर होते.

"डावऱ्या, हे काय शिवलंस? बघ, हातभर शिवण नुसती लोंबतेय. एकाच पदराला टाके घातलेत, खालच्या पदराला सुई लागलेलीच नाही. रस्त्यात पाणी लागलं आणि माझं अर्ध्या गाडीचं मीठ रस्त्यावर वाहून गेलं. शेठ मला म्हणतो, समुद्रातून काढलं होतं, तू परत समुद्रात घातलंस का?"

कुणीतरी हसलं. डावरा हसला नाही. त्याची मान हळूहळू खाली गेली. उजवीने बापाची मान अशी कधी पाहिली नव्हती. शिवताना ती वाकायची, पण ते वाकणं वेगळं. तिला एकदम दिसलं, आता पुढचा प्रश्न येणार. दिसत नाही का तुला, असं कुणीतरी म्हणणार, आणि शिवीच्या भरात म्हटलेलं ते खरं निघणार. नाक्यापलीकडे दुसरा ताडपत्रीवाला नवीनच बसला होता, मशीन घेऊन.

जीभ काही मेंदूला विचारून चालत नाही.

"ती मी शिवली होती," उजवी म्हणाली.

मीठवाला तिच्याकडे वळला. "तू?"

"हो. मागची मी शिवली. चुकलं माझं."

"आणि पुढची? पुढची तर मस्त राहिली. एक थेंब नाही."

पुढचीबद्दल काय बोलायचं, हे तिने ठरवलंच नव्हतं.

डावरा खाली बसला. त्याने मागची ताडपत्री मांडीवर ओढली आणि शिवणीवरून अंगठा फिरवायला सुरुवात केली. डोळ्यांनी नाही, अंगठ्याने. डावखुऱ्या माणसाचा टाका उलट्या बाजूला झुकतो. तिचा टाका एकीकडे, त्याचा दुसरीकडे. जाड दोऱ्याचा झुकाव आंधळ्याच्याही बोटाला लागतो. अंगठा फाटलेल्या जागेच्या अलीकडे, जिथे शिवण धड होती, तिथे आला आणि थांबला. परत मागे गेला. परत तिथेच थांबला.

त्याला कळलं. उजवीला कळलं की त्याला कळलं. ती वाट बघत राहिली.

डावऱ्याने ताडपत्री बाजूला सारली आणि मान वर केली. "हं. पोरीचंच काम. पुढची माझी," तो म्हणाला. "मी सांगतच होतो, अजून तिचा हात बसला नाही. तुझ्या शेठला सांग, ही ताडपत्री फुकट शिवून देतो." आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, अगदी मायेने, "यंदा कॉलेज राहू दे पोरी. आधी हात बसू दे."

लोक पांगले. गाळणीतून चहा परत पडायला लागला.

घरी आल्यावर उजवीने काही टाकलं नाही, आपटलं नाही. ती भांडी घासत राहिली. आई पाठीमागे येऊन उभी राहिली.

"तू नव्हती शिवलीस ना?"

"तुला कसं कळलं?"

"लग्नाला किती वर्षं झाली माझ्या? घरातली उशी त्यांनी शिवली का तू, ते मला गाल टेकवला की कळतं." आईने तिच्या हातातलं भांडं काढून घेतलं. "मग कशाला बोललीस?"

"त्यांची मान गेली होती खाली."

"मग जाऊ द्यायची होतीस. मान आहे, परत वर आली असती." आई असं कधी बोलायची नाही. उजवी बघत राहिली. आईच्या ते लक्षात आलं आणि ती लगेच पुन्हा आपल्या जागेवर गेली. "आता झालं ते झालं. मावशीकडे जा. मी त्यांना पटवते. शिवणकाम तिथे नाही, हात बसायचा प्रश्न नाही."

"तिथे पोरं सांभाळायचा हात बसेल."

"माझ्या बहिणीला बोलू नकोस."

"मी कुणालाच बोलत नाहीये आई. बोलायचं असतं तर दुपारीच बोलले असते."

हीच तर गोम होती. सुटकेचं वाक्य तिच्या तोंडात तयार होतं. मागची बाबांनी शिवली, त्यांना दिसत नाही. एवढंच. ते म्हटलं की ती मोकळी, आणि ते म्हटलं की बाप संपला. म्हटलं नाही तर बाप शाबूत आणि ती जन्माची ताडपत्रीत गुंडाळलेली. आणि ती गाठ बापाने मारलेली नव्हती. तिने स्वतःच्या हाताने, मेण लावून मारलेली होती. बापाने फक्त दोरा ओढून घट्ट केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीठवाला लवकर आला. ताडपत्री घेतल्याशिवाय त्याला निघता येत नव्हतं. म्हणून उजवी सुया ओवायच्या सोडून आधी मागचीची शिवण उसवायला बसली. बाप अजून यायचा होता. मीठवाला दुधाचा रिकामा क्रेट पालथा करून शेजारी बसला आणि बिडी ओढत बघायला लागला. बघता बघता त्याची बिडी विझली.

"ए पोरी."

"काय?"

"तू शिवतेस ते इकडे झुकतं. तू उसवतेस ते तिकडे झुकतंय."

उजवीने वर बघितलं नाही.

"आणि माझ्या गाडीवर पुढची बांधलीये, ती पण इकडे झुकते. मी काल संध्याकाळपासून तिच्याकडे बघतोय. मला वाटलं, उन्हाने डोकं फिरलं माझं." त्याने मिशीवरून हात फिरवला. "लबाड आहेस."

"काका, मीठ वाहता ना? मग मिठाला जागा. गप्प बसा."

"बसतो. मला काय." पण गप्प बसणं त्याच्या घराण्यात नव्हतं. "आमच्याकडच्या त्या कॉलेजात जागा मिळाली म्हणत होते तुला."

"मिळाली होती."

"मी दर फेरीला त्याच्या फाटकावरून जातो. तुला खरं सांगू? फार काही नाहीये तिथे. हवा खारट. सायकल घेतलीस तर वर्षात गंजेल. लोक एवढं भरभर बोलतात की पहिले दोन महिने तुला वाटेल सगळे भांडतायत. आणि पोरींच्या वसतिगृहाची भिंत अशी उंच, वर काचा लावलेल्या. सातच्या आत आत."

"मग काय, इथून सुटून तिथे अडकायचं."

"तेच सांगतोय. सुटका बिटका कुठे नसते. पण तिथे कापड शिकवतात, हे खरं आहे."

उजवीने एक टाका कापला, दुसरा कापला. मग न बघता विचारलं, "काका, समजा मी घरी सांगितलं, की तिथे आपलं माणूस आहे. म्हणजे तुम्ही."

मीठवाल्याने हात झटकला, जणू बिडीची ठिणगी पडली. "मी नाही तुझं माणूस. मी महिन्यातून चार दिवस घरी असतो, त्यातले दोन झोपतो. माझी स्वतःची पोरगी मला पाहुणा समजते. माझ्या नावावर येऊ नकोस. मी नाही पुरा पडणार, आणि मग तू मला शिव्या देशील. यायचं तर तुझ्या नावावर ये."

तेवढ्यात डावरा आला. आल्या आल्या आपल्या जागेवर बसला, सिमेंटच्या गाडीची ताडपत्री मांडीवर घेतली, आणि न बघता डावा हात स्पंजाकडे नेला. हात स्पंजावर फिरला. वर फिरला, बाजूने फिरला. स्पंज मऊ होता. इतक्या वर्षांत तो कधी मऊ लागला नव्हता.

"उजवे," तो म्हणाला. "सुया?"

"ओवल्या नाहीत. हे आधी चाललंय."

सिमेंटवाला ड्रायव्हर समोर उभा होता, कंबरेवर हात ठेवून. चहावाला कप घेऊन आला होता. डावऱ्याने डब्यातून एक सुई घेतली. दोऱ्याचं टोक तोडलं, जिभेवर ओलं केलं, सुई आभाळाकडे धरली. दोरा नेढ्याच्या बाजूने गेला. परत ओला केला. परत बाजूने गेला. तिसऱ्यांदा दोरा त्याच्या बोटालाच लागला.

उजवीचे हात आपोआप उठले होते. ते हात गेली कित्येक वर्षं त्याच कामाला उठत होते. तिने ते मांडीखाली दाबले आणि त्यांच्यावर बसली. अक्षरशः बसली. बापाकडे न बघणं तिला जमलं नाही, पण उठणं तिने होऊ दिलं नाही.

"उजवे, ओव जरा," बाप म्हणाला. आवाज सहज ठेवायचा प्रयत्न केला होता त्याने. "हे नेढं हल्ली..."

"मला नाही जमायचं बाबा," उजवी म्हणाली. "माझा हात अजून बसला नाही."

मीठवाल्याने खाली मान घातली. सिमेंटवाल्याला काही कळलं नाही. डावऱ्याला कळलं. त्याचं तोंड आधी लाल झालं, आणि उजवीला वाटलं, आता सुई फेकून मारेल. रागाला तो कमी नव्हता. ती त्याचीच पोर, तीही कमी नव्हती. दोघं एकमेकांसमोर बसून राहिले. एकाच्या हातात सुई, एकीचे हात मांडीखाली.

मग डावऱ्याने सुई आणि दोरा चहावाल्यापुढे धरला.

"ओवून दे," तो म्हणाला. "मला दिसत नाही."

चहावाल्याने कप खाली ठेवला, बोटं शर्टला पुसली आणि सुई घेतली. त्याला एका फटक्यात जमलं नाही, तो काही शिंपी नव्हता. ओवता ओवता म्हणाला, "माहीत आहे रे."

"काय माहीत आहे?"

"दिसत नाही ते. चहाचा कप मी तुझ्या हाताला लावून देतो, कधीपासून. तुला काय वाटलं, मी तुझ्यावर प्रेम करतो?"

"मलाही माहीत होतं," पंक्चरवाला पलीकडून म्हणाला. "तू माझ्या पोराला दोनदा गिऱ्हाईक समजून उभं राहायला सांगितलंस."

डावरा दोघांकडे, म्हणजे दोघांच्या आवाजांकडे, तोंड करत राहिला. आणि उजवी? तुम्हाला वाटेल, तिला हलकं वाटलं असेल. तिला राग आला. असा राग, की कानशिलं तापली. अख्ख्या रस्त्याला माहीत होतं. जे झाकायला ती सकाळी सकाळी उठली, ज्याच्यासाठी तिने आपली कोरडी ताडपत्री बापाला देऊन त्याची गळकी आपल्या नावावर घेतली, ते झाकलेलं नव्हतंच. सगळे बघत होते आणि सगळे गप्प होते, कारण पोर हाताशी असली की सगळ्यांचंच बरं चालतं. डावऱ्याचं काम वेळेवर, ड्रायव्हरांची गाडी वेळेवर, चहावाल्याला विनोद वेळेवर. एक मुलगी अडकून पडली की किती जणांची सोय होते, हे तिला त्या सकाळी पहिल्यांदा मोजता आलं.

"मग काल का नाही बोललात?" तिने चहावाल्याला विचारलं. "मी माझ्या नावावर घेतलं तेव्हा?"

चहावाला दोऱ्याशी झटत होता. "घरातली भानगड, बाई. आपण कोण?"

डावऱ्याने ओवलेली सुई घेतली. सिमेंटच्या ताडपत्रीची कड बोटाने चाचपली, दोन्ही पदर एकत्र आहेत का ते दोनदा बघितलं, आणि पहिला टाका घातला. मग टाक्याकडेच तोंड ठेवून मीठवाल्याला म्हणाला, "पुढची तिची होती. मागची माझी."

"बरं," मीठवाला म्हणाला.

दुपारी उजवीने चहावाल्याच्या दुकानाच्या मागे उभं राहून कॉलेजला फोन लावला. पलीकडून कुणीतरी भरभर बोललं. भांडतायत असंच वाटलं. तिने राज्य सांगितलं, कॉलेज सांगितलं, स्वतःचं नाव सांगितलं. खरं नाव, ज्याने तिला रस्त्यावर कुणी हाक मारली नव्हती. पालक कोण, असं विचारलं तेव्हा बापाचंही खरं नाव सांगितलं.

घरी गोडधोड काही झालं नाही. आईने मावशीला सांगितलं, आणि मावशीने फोन ठेवला तो पुढे करायचाच बंद केला. बाप तिच्याशी चार शब्द बोलायचा, त्यातले दोन कामाचे. जबानीचा विषय त्याने काढला नाही, तिनेही काढला नाही. चहावाला सकाळी दोन-तीन सुया ओवायचा आणि कुरकुरायचा. पंक्चरवाल्याच्या पोराने ओवलेल्या सुयांच्या गाठी सुटायच्या. कामं मागे पडायला लागली. दोन ड्रायव्हर नाक्यापलीकडे मशीनवाल्याकडे गेलेले उजवीने पाहिले. बापाने ते पाहिलं नाही, आणि तिने सांगितलं नाही. म्हणजे एक झाकपाक संपली तशी दुसरी सुरू झाली. सवय अशी थोडीच जाते.

निघायच्या सकाळी तिची बस पुढच्या नाक्यावरून होती. ती उठली आणि आधी पत्र्याखाली जाऊन बसली. दोऱ्याला मेण चोळलं आणि सुया ओवायला लागली. स्पंज भरला, तरी ओवत राहिली. जागा उरली नाही तेव्हा सीटच्या गादीतून आणखी एक तुकडा फाडला आणि तो भरला. आई पिशवी घेऊन उभी होती, "बस जाईल," म्हणत.

बाप आला, बसला, हात स्पंजाकडे नेला. एक सुई उपसली. दोरा यायला लागला. हातभर आला, संपला नाही. त्याने हात लांब केला, तरी दोरा येतच होता. शेवटी तो उभा राहिला तेव्हा कुठे गाठ लागली.

"एवढा लांब दोरा?"

"पुरायला."

"गुंता होईल."

"होईल," उजवी म्हणाली. पिशवी उचलताना तिने आपल्या बोटांवरचं मेण पुसलं, पण ते पूर्ण गेलं नाही. "सोडवा."

डावरा खाली बसला, लांब दोरा मांडीवर गोळा केला, आणि अंगठ्याने त्याचं टोक शोधायला लागला.